खुणेमागचं वाक्य

"कृपया मला एक पेला पाणी देण्यात यावे," अशी अक्षरं पडद्यावर उमटली आणि आमच्या ह्यांनी कीबोर्ड असा काही बाजूला सारला की माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलभर झाली.

"काय झालं, बाबा? चुकलं का काही?" लेकीने विचारलं.

ह्यांनी हवेत हात झटकला. त्या झटक्याचा अर्थ कळायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती.

"चुकलं कसं नाही?" बटणं गोळा करत मी म्हणाले. "तुझ्या बाबांनी जन्मात कधी कुणाला 'देण्यात यावे' म्हटलंय? पाणी हवं असलं की विचारायचे, 'नळ संपावर गेलाय का आज?' आणि तू त्यांना कचेरीतला साहेब करून टाकलंस."

लेकीचा चेहरा उतरला. बिचारीने दोन रविवार घालवून ती सगळी वाक्यं बसवली होती. पाणी हवे आहे, पंखा लावावा, मला विश्रांती घ्यायची आहे. एकूणएक वाक्य शुद्ध, आणि एकही ह्यांचं नाही. हे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

आमचं सलून म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन खुर्च्या, दोन आरसे, गिऱ्हाइकांसाठी एक लांब बाक. एका खुर्चीवर हे, दुसरीवर माझे दीर. बाकामागे प्लायवुडची फळी, आणि फळीमागे मी, माझं शिलाई मशीन आणि लोकांच्या उसवलेल्या पँटी. दिरांचा हात ह्यांच्यापेक्षा कणभर सरसच, पण ते बोलायला लागले की माणसाला झोप येते. ह्यांच्या लेखी केस कापणं हे निमित्त, खरा धंदा बोलण्याचा. लोक ह्यांच्याच खुर्चीसाठी बाकावर ताटकळायचे आणि दीर रिकाम्या खुर्चीला टेकून पेपर वाचत उभे असायचे.

मग ह्यांच्या घशात गाठ निघाली. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं आणि गळ्याच्या खाली श्वासापुरतं एक छिद्र उरलं. माणूस वाचला, असं आम्ही सगळ्यांनी एकमेकांना पुन्हापुन्हा सांगितलं, आणि ते खरंच होतं. जखम भरली, जेवण वाढलं, हात पहिल्यासारखे चालू लागले. कामाला लागा, म्हणाले डॉक्टर, फक्त त्या छिद्रात केसांचा भुगा जाऊ देऊ नका. मी मऊ कापडाचे छोटे पडदे शिवले, मागे इलॅस्टिक लावून, ह्यांच्या प्रत्येक शर्टाला शोभेल असे. ते गळ्यात अडकवून हे गच्चीत फिरायचे, पण दुकानात पाऊल टाकायचं नाव काढत नव्हते.

गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्रही आणलं होतं. पण ते हातात धरावं लागतं, आणि ह्यांच्या एका हातात कंगवा, दुसऱ्यात कात्री. शिवाय त्या घरघरीतून निघालेला पहिला शब्द ऐकून खिडकीतलं मांजर जे पळालं, ते बघून ह्यांनी यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. पुढे एके दिवशी दिरांना पाटीवर लिहून दिलं, 'माझी खुर्ची दुसऱ्या कारागिराला दे.'

दीर पाटी घेऊन माझ्याकडे आले. "वहिनी, काय करू मी?"

"तुमच्या दादाला विचारा ना."

"विचारलं. पाटी उलटी करून दाखवली. मागेही तेच लिहिलंय."

शेवटी दिरांनी एक कारागीर ठरवला. तो पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला येणार होता. एकदा परका हात त्या खुर्चीवर रुळला की आमचे हे परत उभे राहायचे नाहीत, हे मला दिसत होतं. घरात बसून राहिलेला बडबड्या माणूस कसा वाळत जातो ते मी रोज बघतच होते.

म्हणून लेकीने तिचा प्रोग्रॅम बाबांसाठी वापरायचं ठरवलं. लेक यंत्रांच्या कारखान्यात माहितीपुस्तकं तयार करते. प्रत्येक पुस्तकात त्याच त्या सूचना, वीज बंद करा, हात आत घालू नका, लहान मुलांना लांब ठेवा. तेच लिहून लिहून वीट आला, तेव्हा फावल्या वेळात तिने हा प्रोग्रॅम करायला घेतला होता. ती त्याला मॅक्रो प्रोसेसर म्हणते. मला आधी वाटलं, चटणी वाटायचं काहीतरी असेल. तसं नव्हतं. आपण एक छोटी खूण ठरवायची आणि तिच्यामागे मोठा मजकूर ठेवायचा. मग लिहिताना नुसती खूण टाकली की प्रोग्रॅम ती काढून तिच्या जागी अख्खा मजकूर मांडतो.

"आणि मजकुरात मोकळी जागाही सोडता येते," लेक म्हणाली होती. "खुणेबरोबर जो शब्द देशील, तो त्या जागेत जाऊन बसतो."

"म्हणजे पँटीचा कागदी नमुना की. कापायचं एकाच नमुन्याने, कंबर ज्याची त्याची."

"आई, हेच समजावायला मी पानंच्या पानं लिहिली आहेत!"

"मला विचारायचंस."

हा प्रोग्रॅम तिने सगळ्या जगासाठी उघडा ठेवला होता. ज्याला हवा त्याने घ्यावा, आतली शिवण उसवून बघावी, आपल्या मापाने घट्ट-सैल करावी, आणि काही चांगलं जमलं तर ते सगळ्यांसाठी परत आणून ठेवावं. एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं त्यात खपत होती. कुणी एक निवृत्त शिक्षक होते. आणि लांब कुठे राहणारी एक बाई होती, ती फक्त चुका काढायची. तिला आमची लेक 'सासूबाई' म्हणायची.

"आणि हे सगळं फुकट?" मी विचारलं होतं.

"फुकट."

"मग सासूबाईंना घरी काम नसणार."

तर त्या दिवशी, कीबोर्ड भिरकावला गेल्यावर, लेक माझ्याजवळ येऊन बसली. "मग तूच सांग, बाबा काय बोलायचे?"

आता हे मला विचारायचं? मी फळीमागे बसून ह्यांचं सगळं बोलणं ऐकलेलं. ऐकायचं नसलं तरी ऐकलेलं. टक्कल पडू लागलेल्या माणसाला ठरलेलं वाक्य होतं, "केस कुठे गेलेत हो, कपाळ वर चढलंय." दुसरीकडे केस कापून आलेल्याला, "हे कात्रीने कापले की घरात उंदीर झालेत?" आणि मानेवर मशीन फिरवायची वेळ आली की, "मान खाली. अजून. बायकोसमोर घालता तेवढी." बिनलग्नाचा असला तर 'साहेबांसमोर', हेडमास्तरांना 'इन्स्पेक्टरसमोर'. पोलिसांसाठी हे वाक्य नव्हतं.

लेक टाइप करता करता थांबली. "आई, अगं, हे सगळे मॅक्रोच आहेत. मोकळ्या जागेसकट! बाबा जन्मभर मॅक्रोतच बोलत होते."

"तोंड सांभाळून बोल. बाप आहे तुझा."

पण मग आम्ही दोघी बसलोच. मी सांगत गेले, ती खुणा बांधत गेली. 'मा' म्हणजे मान खाली, त्यापुढे कुणासमोर ते लिहायचं. 'क' म्हणजे कपाळ. हे भिंतीकडे तोंड करून पडलेलेच होते, आमचं काही ऐकत नसल्यासारखे. आणि मी कॅशियरचा विनोद सांगायला घेतला. बँकेतले कॅशियर आले की हे त्यांच्या कापलेल्या केसांवरून एक लांबलचक काहीतरी सांगायचे. मी ते सांगताना शेवट आधी सांगून बसले.

खाट करकरली. हे उठून बसले होते. पाटी ओढून घेतली, खसाखसा लिहिलं आणि माझ्या नाकासमोर धरली. 'असं नाही. शेवट शेवटी.'

"बरं बाई, शेवट शेवटी," मी म्हणाले. ज्याला विनोद सांगता येतो त्याला तो दुसऱ्याने बिघडवलेला सहन होत नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. खरं सांगायचं तर पुढचे दोन मी मुद्दाम बिघडवून सांगितले. संध्याकाळपर्यंत हे टेबलाशी, लेक शेजारी, आणि मी चहा करायला मोकळी.

चार दिवसांत ह्यांना खुणा बांधायची चटक लागली. लेक कामावर गेली की हे स्वतः नव्या खुणा करून बघायचे. अशाच एका दुपारी मी एका पँटची चेन बसवत होते आणि टेबलावर धपाधप थापा पडल्या. जाऊन बघते तर पडदा भरून वाहत होता. 'ऐकलं का, ऐकलं का, ऐकलं का, ऐकलं का...' ओळीवर ओळ वर सरकत होती, खालून नवी येत होती, थांबायचं लक्षण नाही. हे कीबोर्डावरची सगळी बटणं दाबत सुटलेले.

"ऐकलं हो, ऐकलं! बहिरी नाही झाले अजून!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि ह्यांचे खांदे हलायला लागले. गळ्याच्या पडद्याआडून हवेची शिट्टी वाजायला लागली. मला वाटलं श्वास अडकला. मग डोळे दिसले. हे हसत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसत होते. आवाज सोडून हसण्यातलं सगळं तिथे होतं. मीही हसले, आणि मग मला रडू आलं, आणि ते दोन्ही एकदमच चाललं होतं. पडद्यावर 'ऐकलं का' धावतच होतं. शेवटी मी भिंतीतला प्लग ओढला.

संध्याकाळी लेकीने घोळ उलगडून दाखवला. लग्नापासून हे मला चिडवायला 'सरकार' म्हणतात. ह्यांनी खुणेचं नाव ठेवलं 'सरकार', आणि तिच्यामागे मजकूर ठेवला 'ऐकलं का, सरकार'. प्रोग्रॅमने खूण काढून मजकूर मांडला. मजकुराच्या शेवटी त्याला परत तीच खूण दिसली, म्हणून त्याने तीही उलगडली. तिच्या शेवटी परत तीच. मला हाक मारायला निघालेला माणूस माझ्या नावापर्यंत पोचतच नव्हता.

लेकीने हा प्रकार त्या दूरच्या मंडळींपुढे मांडला. सासूबाईंनी लगेच टोकलं, की खुणेच्या मजकुरात तीच खूण घालण्याचा वेडेपणा कोण करेल? लेकीने उत्तर दिलं, 'माझे वडील. त्यांचा आवाज गेलाय. आईला हाक मारत होते.'

दुसऱ्या दिवशी सासूबाईंकडून दुरुस्ती आली. एखादी खूण उलगडत असताना तिच्याच पोटात तीच खूण सापडली, तर ती न उलगडता तशीच राहू द्यायची. साधी दोन-चार ओळींची गोष्ट होती, लेक म्हणाली. खाली बाईंनी लिहिलं होतं, 'आता हाक पोचेल.'

"बाई चांगल्या दिसतात," मी म्हणाले. "सासूबाई म्हणत जाऊ नकोस त्यांना."

महिना संपायच्या आत, एका सकाळी, हे आपणहून उठले. दाढी केली, निळा शर्ट घातला, त्याच्यावर निळा पडदा गळ्यात अडकवला, आणि फळीशेजारच्या दारातून दुकानात गेले. लेकीने रजा काढली होती. आरशाखालच्या फळकुटावर कॉम्प्युटरचा पडदा बसवला, गिऱ्हाइकाच्या अगदी समोर, अक्षरं मोठी करून. कीबोर्डात केस जाऊ नयेत म्हणून मी त्याला पारदर्शक प्लास्टिकची खोळ शिवली होती. सगळं दोनदा तपासून झालं. दीर उगाचच आरसा पुसत होते.

पहिले आले हेडमास्तर. "अरे वा! कधीची वाट बघतोय," म्हणत खुर्चीत बसले. हे खूश. कापड पांघरलं, गाठ मारली, केस ओले केले. कात्री चालायला लागली तशी माझ्या जिवात जीव आला. मी फळीच्या फटीला डोळा लावून उभी. मग मानेची वेळ आली. ह्यांनी कंगवा ठेवला, टकटक केलं, 'मा इन्स्पेक्टर', आणि पडद्यावर ठसठशीत अक्षरं आली.

हेडमास्तर समोर बघत बसले. काही नाही. हे थांबले. मग कंगव्याने पडद्यावर टिचकी मारली.

"काय आहे ते?" हेडमास्तर म्हणाले. "चष्मा खिशात आहे हो माझा. त्याच्याशिवाय मला आरसा काय न भिंत काय."

मी कपाळावर हात मारला. चष्मा! केस कापायला बसलेला माणूस पहिलं काम करतो ते चष्मा काढायचं. ह्यांचा जन्म त्या खुर्चीमागे गेला, दिरांचा गेला, माझा फळीआड गेला, आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. लेक पांढरीफटक पडली. ह्यांनी कात्री फळकुटावर ठेवली आणि हात मागे नेऊन एप्रनची गाठ चाचपली. ती गाठ सुटली की परत बांधली जाणार नाही, एवढं मला कळलं. पण मी जागची हलले नाही, कारण हलून करणार काय होते?

तेवढ्यात बाकावर बसलेल्या कॅशियरनी आपला चष्मा वर सरकवला आणि वाचलं, "मान खाली अजून इन्स्पेक्टरसमोर घालता तेवढी." बँकेत टोकन नंबर पुकारतात ना, त्याच सुरात.

हेडमास्तर खो खो हसत सुटले. "घालतो, घालतो," म्हणत त्यांनी मान खाली घातली.

पण आमचे हे वळून कॅशियरकडे बघत होते, कपाळाला आठी घालून. ह्यांनी मान हलवली. नाही. असं नाही. कंगवा उचलून पडद्यावर 'अजून'पाशी टेकवला, मग हवेत धरून ठेवला, थांब, थांब, आणि मग खाली आणला.

"परत वाचू?" कॅशियरनी विचारलं.

ह्यांनी मान डोलावली.

"मान खाली," कॅशियर म्हणाले. "अजून." कंगवा हवेत थांबला. अख्खा बाक थांबला. कंगवा खाली आला. "इन्स्पेक्टरसमोर घालता तेवढी!"

या खेपेला सगळं दुकान हसलं. हेडमास्तर तर मान खाली घालूनच हसत होते, त्यामुळे कात्री धरायची पंचाईत झाली. ह्यांचा हात एप्रनच्या गाठीवरून कधी निघाला ते मला दिसलंच नाही.

दुपारपर्यंत बाकावर तट पडले. कॅशियर फार सपाट वाचतात, असं पोस्टमनचं मत. पोस्टमन भलतीकडेच जोर देतात, असं कॅशियरचं. गॅसवाला सगळ्यात चांगला वाचतो यावर मात्र दुमत नव्हतं. त्याला ह्यांच्या कंगव्याकडे बघावंही लागत नव्हतं. मी मशीनवर बसून ऐकत होते. एक वाक्य पोस्टमनच्या आवाजात, पुढचं गॅसवाल्याच्या. त्यात ह्यांचा आवाज कुठेच नव्हता. मी कान देऊन शोधला, वेड्यासारखा शोधला, आणि तो आता कधीच ऐकू येणार नाही हे मला त्या दुपारी पहिल्यांदा नीट समजलं. पण वाक्यं ह्यांची होती, थांबायच्या जागा ह्यांच्या होत्या, आणि बाकावरची माणसं हसायची तीही ह्यांच्याच वेळी हसत होती. मी डोळे पुसले आणि कुणाची तरी पँट गुडघ्यापाशी शिवून टाकली, ती मग उसवावी लागली.

दुकान बंद करताना दीर फळीआड आले. "वहिनी, त्या कारागिराकडे जाऊन येतो जरा."

"कशाला?"

"सांगतो त्याला, जागा नाही म्हणून." आणि माझ्यासमोर डोळे पुसायला नकोत म्हणून चप्पल न घालताच निघाले.

लेकीने ह्यांची वाक्यं प्रोग्रॅमबरोबर नमुना म्हणून ठेवून दिली आहेत, ह्यांना विचारून. आता ती कुठे कुठे गेलीत कोण जाणे. मध्यंतरी कुणीतरी लिहिलं, की त्याच्या मावशीचंही स्वरयंत्र काढलंय, ती भाजीच्या दुकानात बसते आणि 'मान खाली'चा नमुना घेऊन तिने घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी स्वतःचं काहीतरी बनवलंय. काय ते त्याने भाषांतर करून पाठवलं नाही. सभ्य माणसाला सांगण्यासारखं नाही म्हणे. हे तेव्हापासून त्या मावशीवर फिदा आहेत.

परवा एक अनोळखी माणूस आला. बाहेरगावचा, कसल्यातरी कामासाठी आलेला, घाईत. दिरांची खुर्ची भरलेली होती म्हणून ह्यांच्याकडे बसला. चष्मा काढून मांडीवर ठेवला. बाकावर गॅसवाला होताच. मग काय, उंदीर झाले, कपाळ झालं, मान झाली, आणि मध्ये तीन-चार नवी, जी मीही ऐकली नव्हती. माणूस सुरुवातीला अवघडला, मग हसायला लागला, मग आपल्या मुलीच्या नोकरीचं सांगायला लागला. ह्यांनी त्यावरही काहीतरी ठोकून दिलं. कापड झटकून झालं, आरसा दाखवून झाला.

पैसे द्यायला तो दाराशी दिरांकडे गेला, आणि आवाज जरा खाली आणून, पण मला ऐकू जाईल इतपतच, म्हणाला, "हात छान आहे हो तुमच्या भावाचा. फक्त फार बोलतात बुवा."

दिरांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हे खुर्चीवरचे केस झटकत होते, ते तसेच वाकून राहिले.

मी फळीआडूनच ओरडले, "काय सांगू तुम्हाला! लग्न झाल्यापासून ऐकतेय!"

आणि पायाने मशीन चालू केलं.